समीकरणं बरोबर, तरी उत्तर चूक: फ्री बॉडी डायग्राम आणि मोमेंटच्या गणितात बिघाड कुठे शोधायचा

समस्या अशी आहे. आधारांवरच्या प्रतिक्रिया, म्हणजे आधार वस्तूवर लावतात ती बलं, काढायचं गणित आहे. समतोलाच्या तिन्ही अटी मुलीला पाठ आहेत: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, कोणत्याही बिंदूभोवती मोमेंटची (बलाच्या फिरवण्याच्या परिणामाची) बेरीज शून्य. बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही, तरी उत्तर जुळत नाही. ते एकदाचं जुळवून घेतलं तरी पुढच्या प्रकरणात पुन्हा तेच. मग ती समीकरणं पुन्हा तपासते, कॅल्क्युलेटर पुन्हा चालवते, चिन्हं उलटसुलट करून बघते आणि शेवटी "मेकॅनिक्स मला जमतच नाही" या निष्कर्षावर येते.

बडोद्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हा विषय शिकवते, आणि दर वर्षी हेच बघते. बिघाड सहसा समीकरणात नसतो, तो त्याच्या आधी काढलेल्या आकृतीत असतो. आकृतीतही बाण चुकण्याआधी एक गोष्ट राहून गेलेली असते: ही आकृती नेमकी कोणाची, हे ठरवलेलंच नसतं.

आमच्याकडे घरी मराठी, शाळा गुजराती किंवा इंग्रजी आणि कॉलेजची पुस्तकं सगळी इंग्रजी, अशी मुलं पुष्कळ. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केलं. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून मिळावं. त्या आग्रहात तथ्य होतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं मराठीत लिहिते आहे. शब्द मात्र वर्गात वापरतो तेच ठेवते: मोमेंट, हिंज (फिरू देणारा पण सरकू न देणारा सांधा), एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एक वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती).

पहिली तपासणी: सीमा आखली आहे का?

पेन्सिल घ्या आणि ज्या वस्तूचा समतोल लिहायचा आहे तिच्याभोवती एक बंद रेषा काढा. मनातल्या मनात नको, कागदावर काढा. ही रेषा जिथे जिथे दुसऱ्या कशाला तरी छेदते किंवा स्पर्श करते, तिथे त्या दुसऱ्या वस्तूचं बल दाखवायचं. त्याशिवाय पृथ्वीचं ओढणं, म्हणजे वजन. बस, एवढंच. एकही बाण जास्त नको, एकही कमी नको.

मग प्रत्येक बाणाला विचारायचं: हे बल कोणी लावलं, आणि कोणावर लावलं? लावणारा रेषेच्या आत असेल तर बाण खोडायचा. ज्याच्यावर लावलं तो रेषेच्या बाहेर असेल तरीही खोडायचा. "कोणी लावलं" याचं उत्तरच देता येत नसेल तर तो बाण अस्तित्वातच नाही. "मॅडम, शिडी घसरू बघते ना, ते घसरण्याचं बल दाखवलंय" असं सांगत पुष्कळ मुलं एक बाण काढतात. घसरण्याचं बल लावणारं कोणीच नसतं. फरशी असते, भिंत असते, पृथ्वी असते.

हे ऐकायला फार सोपं वाटतं, म्हणूनच मुलं त्यावरून पटकन पुढे जातात. ते किती खोल जातं ते एका झोपाळ्यावर दाखवते. जुन्या बडोद्यातल्या किती तरी मराठी घरांत अजून झोपाळा आहे, त्यामुळे आकृती डोळ्यांसमोर आणायला त्रास पडू नये.

फळी १.८ मीटर लांब, वजन ३०० न्यूटन. दोन्ही टोकांपासून ०.२ मीटर आत कड्या, म्हणजे दोन कड्यांमधलं अंतर १.४ मीटर. (खऱ्या झोपाळ्याला चार कड्या असतात. समोरून पाहताना पुढची-मागची जोडी एकच धरू.) आजी बसल्या आहेत. त्यांचं वजन ५०० न्यूटन आणि ते डाव्या कडीपासून ०.३५ मीटरवर येतं. झोपाळा स्थिर आहे, पाय जमिनीला टेकलेले नाहीत.

डाव्या कडीभोवती मोमेंट घेऊ, म्हणजे डाव्या कडीचा ताण समीकरणातून जातो. उजव्या कडीचा ताण × १.४ = ३०० × ०.७ + ५०० × ०.३५ = २१० + १७५ = ३८५. उजवा ताण २७५ न्यूटन. एकूण भार ८००, म्हणून डावा ५२५. पडताळा उजव्या कडीभोवती: ५२५ × १.४ = ७३५, आणि २१० + ५०० × १.०५ = ७३५. जुळलं. इथपर्यंत कोणीच अडत नाही.

आता आजींनी आधारासाठी डावी कडी हाताने धरली आणि १०० न्यूटनने खाली ओढली. वरच्या तुळईतल्या डाव्या आकड्यावर (हुकावर) किती बल येईल?

वर्गात हा प्रश्न टाकला की तीन उत्तरं येतात. कोणी ५२५ मध्ये १०० मिळवून ६२५ सांगतं. कोणी वजा करून ४२५ सांगतं. आणि काही जण म्हणतात ५२५च. तिघांचीही समीकरणं तपासली तर "चूक" अशी कुठे सापडत नाही, कारण वाद समीकरणाचा नाहीच. वाद सीमेचा आहे.

फळी आणि आजी मिळून एक वस्तू धरली आणि सीमा डाव्या कडीला हाताच्या वर छेदते असं मानलं, तर हाताने कडी ओढणं हा आतला मामला झाला. हातही आत, कडीचा तो तुकडाही आत. बाहेरून येणारी बलं फक्त दोन वजनं आणि दोन ताण. म्हणजे मघाचंच गणित. आकड्यावर ५२५, एक न्यूटनसुद्धा जास्त नाही.

आता सीमा फक्त फळीभोवती आखू. ती डाव्या कडीला हाताच्या खाली छेदते. इथे मोठा घोटाळा होतो: मुलं फळीच्या आकृतीत आजींचं ५०० न्यूटन वजन काढतात. वजन आजींवर आहे, पृथ्वीने लावलेलं. फळीवर येतो तो आजींचा दाब, आणि तो ५०० नाही. आजींची स्वतंत्र आकृती काढून बघा: खाली ५०० वजन, कडी हाताला वर ओढते १००, म्हणून फळीचा वरचा दाब ४००. तो दाब येतो तरी कुठे? आजींवरच डाव्या कडीभोवती मोमेंट घ्या. हाताचं बल त्याच रेषेवर असल्यामुळे गेलं. उरलं ५०० × ०.३५ = ४०० × अंतर, म्हणून अंतर ०.४३७५ मीटर. म्हणजे आजी जागच्या हलल्या नाहीत, पण त्यांचा फळीवरचा दाब उजवीकडे जवळजवळ ९ सेंटिमीटर सरकला.

आता फळी: उजवा ताण × १.४ = २१० + ४०० × ०.४३७५ = २१० + १७५ = ३८५. उजवा पुन्हा २७५. हाताखालच्या डाव्या कडीचा ताण ३०० + ४०० − २७५ = ४२५. आणि हाताच्या वर? कडीच्या तेवढ्या तुकड्याला खाली ओढणारे ४२५ आणि हाताचे १००, मिळून ५२५.

म्हणजे ४२५ हे उत्तरही खरं आहे, फक्त ते कडीच्या दुसऱ्या जागेचं आहे. ६२५ मात्र कुठेच नाही. ते एका सीमेतलं बल उचलून दुसऱ्या सीमेत टाकल्याने आलं. तुमचं उत्तर पुस्तकापेक्षा बरोबर एखाद्या दिलेल्या बलाइतकं जास्त किंवा कमी येत असेल, तर आधी हाच रोग शोधा. हे गणित मी अनेकांना तिन्ही सीमांनी सोडवायला लावते. एकदा ते स्वतःच्या हाताने जुळलेलं पाहिलं की पुढची प्रकरणं निम्मी सोपी होतात.

मोमेंट लिहिली, पण अंतर कुठलं घेतलं?

रावपुऱ्यातल्या एखाद्या दुकानाची पाटी घ्या. भिंतीपासून आडवा दांडा बाहेर आलेला, भिंतीशी हिंज, लांबी १.२ मीटर. दांड्याच्या बाहेरच्या टोकापासून एक तार तिरकी वर जाऊन हिंजच्या ०.९ मीटर वर भिंतीला बांधलेली. पाटीचं वजन २७० न्यूटन, भिंतीपासून ०.८ मीटरवर. दांड्याचं वजन सोडून देऊ. तारेतला ताण किती?

चुकीचं उत्तर ठरलेलं: ताण × १.२ = २७० × ०.८ = २१६, म्हणून १८० न्यूटन. दांड्याची लांबी म्हणजेच अंतर, असं धरलं. दुसरं चुकीचं उत्तर: तारेची लांबी १.५ मीटर निघते, ती अंतर म्हणून लावली, ताण १४४. दोन्ही उत्तरं खऱ्यापेक्षा कमी आहेत. त्यांच्यावर विसंबून तार आणली तर ती गरजेपेक्षा कमजोर येईल. म्हणून ही चूक मी परीक्षेत कधी सोडत नाही.

मोमेंटमधलं अंतर म्हणजे बिंदूपासून बलाच्या क्रियारेषेवर टाकलेला लंब. क्रियारेषा म्हणजे बाण दोन्ही बाजूंना कितीही लांब वाढवला तर जी रेषा मिळते ती. हिंजपासून तारेवर लंब टाका: १.२ × ०.६ = ०.७२ मीटर, कारण तार आडव्याशी जो कोन करते त्याचा साइन ०.९ भागिले १.५ म्हणजे ०.६. ताण = २१६ ÷ ०.७२ = ३०० न्यूटन.

लंब शोधायचा कंटाळा येत असेल तर दुसरी वाट आहे, आणि मला ती जास्त आवडते. बलाचे दोन घटक करा आणि त्यांच्या मोमेंटची बेरीज घ्या. बेरीज मूळ बलाच्या मोमेंटइतकीच येते. हे तत्त्व पिएर व्हॅरिन्यों या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं आणि १६८७ सालचं आहे. त्याची खरी गंमत अशी की घटक क्रियारेषेवरच्या कुठल्याही बिंदूवर पाडता येतात. दांड्याच्या टोकाला पाडले तर आडवा घटक हिंजमधून जातो आणि गळतो, उरतो उभा घटक: ०.६ ताण × १.२. तारेच्या भिंतीकडच्या टोकाला पाडले तर उभा घटक गळतो आणि उरतो आडवा: ०.८ ताण × ०.९. दोन्हीकडे ०.७२ ताण. दोन वाटांनी एकच आकडा आला की अंतराची शंका संपली.

याच गणितात आणखी एक जुनं दुखणं आहे. हिंजची प्रतिक्रिया दांड्याच्या दिशेने, म्हणजे आडवीच असणार, असं मुलं गृहीत धरतात. ट्रस (फक्त टोकांना जोडलेल्या दांड्यांचा सांगाडा) शिकून झालेला असतो, त्याची सवय लागलेली असते. पण दांड्यावर मधोमध कुठे तरी पाटी टांगली आहे. फक्त दोन टोकांवर बल लागलेल्या दांड्यालाच ती सवलत मिळते. इथे हिंज दांड्याला २४० न्यूटनने भिंतीपासून बाहेर ढकलतो आणि ९० न्यूटनने वर उचलतो.

ते बरोबर आहे हे समीकरणाशिवाय कसं कळेल? दांड्यावर तीनच बलं आहेत आणि ती समांतर नाहीत, म्हणजे तिघांच्या क्रियारेषा एका बिंदूत मिळायलाच हव्यात. पाटीची रेषा भिंतीपासून ०.८ मीटरवर उभी. तिथे तारेची उंची ०.९ − ०.७५ × ०.८ = ०.३ मीटर. हिंजपासून त्या बिंदूकडे जाणारी रेषा ०.८ मीटरला ०.३ मीटर चढते. हिंजच्या बलाचा चढ: ९० भागिले २४०, म्हणजे ०.३७५. तेच. वहीत पट्टीने तीन रेषा ओढल्या तरी दिसतं.

दोन समीकरणं, एकाच बलाची दोन उत्तरं

आता शिडी. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी शहरात जिकडेतिकडे शिड्या लागतात, म्हणून जानेवारीत मी हेच गणित घेते. ५ मीटरची शिडी, पाया भिंतीपासून ३ मीटर, वरचं टोक ४ मीटर उंच. शिडीचं वजन २०० न्यूटन, मधोमध. ६०० न्यूटनचा माणूस शिडीवरून ३ मीटर चढलेला. भिंत गुळगुळीत, फरशीशी घर्षण गुणांक ०.५. (प्रत्यक्षात शिडी एवढी आडवी लावू नका. दर ४ मीटर उंचीला पाया १ मीटर बाहेर, हा सुरक्षिततेचा नियम आहे. इथे आकडे सोपे यावेत म्हणून ३-४-५ घेतलं.)

पायाभोवती मोमेंट: भिंतीची प्रतिक्रिया × ४ = २०० × १.५ + ६०० × १.८ = १३८०. भिंत ३४५ न्यूटनने ढकलते. आडवा समतोल म्हणतो की फरशीचं घर्षणही ३४५. पण मुलाने आधीच लिहून ठेवलेलं असतं: फरशीचा वरचा दाब २०० + ६०० = ८००, म्हणून घर्षण = ०.५ × ८०० = ४००. मग तो विचारतो, "मॅडम, ३४५ की ४००?"

४०० ही मर्यादा आहे. फरशी जास्तीत जास्त तेवढं देऊ शकते, द्यावंच लागेल असं नाही. घर्षण लागतं तेवढंच येतं, म्हणून ३४५. ते ४०० पेक्षा कमी आहे म्हणून शिडी टिकते. गुणांकाने गुणायचं ते फक्त "घसरण्याच्या बेतात आहे" असं प्रश्नात सांगितलं असेल तेव्हा, किंवा मर्यादा शोधायची असेल तेव्हा. माणूस किती वर जाऊ शकेल हे विचारलं तर ४०० लावा: ४०० × ४ = ३०० + ६०० × आडवं अंतर, म्हणून आडवं अंतर साधारण २.१७ मीटर, शिडीवरून मोजलं तर ३.६ मीटर. त्याच्यावर गेला की शिडी सरकणार.

एक जागा मात्र पुस्तकाच्या आकृतीत दिसत नाही आणि घरी हमखास भेटते. शिडी सपाट भिंतीला नाही, तर गच्चीच्या कठड्याच्या कडेला टेकलेली असते आणि तिचं टोक वर उरलेलं असतं. तिथे प्रतिक्रिया भिंतीला लंब नसते, शिडीला लंब असते. स्पर्श झालेल्या दोन पृष्ठभागांपैकी जो सपाट, त्याला लंब. सपाट भिंतीवर शिडीचं टोक टेकलं तर भिंत सपाट, कठड्याच्या कडेवर शिडी रेलली तर शिडी सपाट. आकृती काढताना स्पर्शाची जागा मोठी करून बाजूला काढून बघा. या एका सवयीने लंब प्रतिक्रियेच्या दिशेच्या बऱ्याच चुका जातात.

उत्तर उणे आलं

घाबरू नका, आणि मधेच बाण फिरवू नका. उणे म्हणजे बल तुम्ही काढलेल्या बाणाच्या उलट आहे, इतकंच. पुढच्या समीकरणात आकडा उणे चिन्हासकट घाला. बाणही फिरवला आणि चिन्हही तसंच ठेवलं तर एकच दुरुस्ती दोनदा झाली.

पण काही वस्तूंना उणे उत्तर शोभत नाही. दोरी ढकलू शकत नाही, फरशी ओढू शकत नाही. रंगारी ३ मीटरची फळी दोन टेकूंवर ठेवतो: एक डाव्या टोकाला, दुसरा त्यापासून २ मीटरवर, उजवीकडे १ मीटर फळी मोकळी. फळी २०० न्यूटन, माणूस ६०० न्यूटन, उजव्या टोकावर उभा. उजव्या टेकूभोवती मोमेंट: डावी प्रतिक्रिया × २ = २०० × ०.५ − ६०० × १, म्हणून −२५० न्यूटन. नुसत्या ठेवलेल्या फळीला टेकू खाली ओढणार नाही. इथे उणे चिन्ह सांगतं की समतोल आहे हेच गृहीत चुकलं. फळी उलटेल. मोकळ्या भागावर माणूस १०० ÷ ६००, म्हणजे जेमतेम १७ सेंटिमीटर बाहेर जाऊ शकतो. तेच टोक बोल्टने पक्कं बांधलं असतं तर −२५० हे अगदी रास्त उत्तर ठरलं असतं. आकडा तोच, पण आधार बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

शून्य बरोबर शून्य

झोपाळ्याच्या गणितात डाव्या कडीभोवती मोमेंट घेतली, उजवीभोवती घेतली, उभ्या बलांची बेरीज घेतली, आणि तिसऱ्यातून नवीन काहीच निघालं नाही. निघणारही नाही. प्रतलातल्या एका वस्तूला तीनच स्वतंत्र अटी असतात. तिन्ही मोमेंटच्या घ्यायच्या असतील तर तीन बिंदू एका रेषेत नसावेत. चौथं समीकरण पडताळ्यासाठी ठेवा. त्याची किंमत तेवढीच आणि तेवढी नक्कीच.

तीन टेकूंवरच्या अखंड तुळईत मुलं पाच-पाच बिंदूंभोवती मोमेंट घेत बसतात. उभ्या प्रतिक्रिया तीन, उपयोगी समीकरणं दोन. बिंदू कितीही बदला, तिसरं मिळत नाही. तिथे तुळई किती वाकते हे विचारावं लागतं, तो विषय पुढच्या वर्षाचा.

पसरलेल्या भाराबद्दल एकच सांगते, कारण चूक नेहमी एकाच जागी होते. ६ मीटर तुळईवर दर मीटरला २ किलोन्यूटन. आधारांच्या प्रतिक्रियांसाठी एकूण १२ किलोन्यूटन मधोमध एकवटणं योग्य, प्रत्येकी ६ येतात. पण डावीकडून २ मीटरवर तुळई कापून आतला मोमेंट काढताना तो एकवटलेला १२चा बाण कापाच्या पलीकडे राहतो, आणि मुलं नुसतं ६ × २ = १२ किलोन्यूटन-मीटर लिहून मोकळी होतात. आधी कापा, मग उरलेल्या तुकड्यावरचाच भार एकवटा: ६ × २ − ४ × १ = ८. तुळईच्या मध्यावर सगळ्यांत जास्त मोमेंट ९ येतो, त्यामुळे १२ हे उत्तर तसंही अशक्य होतं. आणि प्रश्नात नुसतं कपल (सारख्या, समांतर पण उलट दिशेच्या दोन बलांची जोडी) दिलं असेल तर त्याला अंतराने गुणू नका. ते आधीच मोमेंट आहे, कुठल्याही बिंदूभोवती तेवढंच.

इथे लक्ष्मीविलास राजवाड्याबद्दल सांगितली जाणारी एक गोष्ट आठवते. वास्तुकार मेजर चार्ल्स मँट १८८१मध्ये वारले. आपली आकडेमोड चुकली आहे आणि आपल्या इमारती कोसळणार, या भीतीने त्यांना शेवटी घेरलं होतं असं म्हणतात. रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेलं, १८९०मध्ये राजवाडा पूर्ण झाला आणि तो आज उभा आहे. गोष्ट कितपत खरी असेल ते असो, पण स्वतंत्र वाटेने घेतलेला पडताळा माणसाला केवढी शांतता देतो हे मी मुलांच्या चेहऱ्यावर रोज बघते. म्हणून वरच्या गणितांत जमेल तिथे पडताळा दिला आहे.

दोन तुकडे, मधे हिंज

सगळ्यांत जास्त वह्या अडतात त्या इथे. उघडणारी घोडी घ्या, गणपतीच्या मंडपात दिव्यांच्या माळा लावायला वापरतात तशी. दोन पाय, वर हिंज, खाली दोरी. पायांमधलं अंतर २ मीटर, हिंज २.४ मीटर उंच, दोरी जमिनीपासून ०.४ मीटरवर आडवी. फरशी गुळगुळीत, घोडीचं वजन सोडून द्या. ६०० न्यूटनचा माणूस डाव्या पायावर, डाव्या टोकापासून आडवं ०.६ मीटर.

आधी अख्खी घोडी. दोरी आणि हिंज दोन्ही सीमेच्या आत, म्हणून त्यांचे बाण काढायचे नाहीत. डाव्या टोकाभोवती: उजवी प्रतिक्रिया × २ = ६०० × ०.६, म्हणून १८०. डावी ४२०. दोरीचा ताण इथून कधीच निघणार नाही, आणि अख्ख्या घोडीवर तो शोधत बसणं हेच अडण्याचं कारण असतं.

आता सीमा हिंजमधून आणि दोरीमधून न्या आणि उजवा पाय एकटा घ्या, कारण त्याच्यावर माणूस नाही, बलं कमी. हिंजभोवती मोमेंट घेतली की हिंजची दोन्ही अज्ञातं एकदम जातात: १८० × १ = ताण × २. ताण ९० न्यूटन. दोरी या पायाला आत ओढते, म्हणून हिंज त्याला ९०ने बाहेर ढकलतो आणि १८०ने खाली दाबतो.

डाव्या पायाच्या आकृतीत हिंजची हीच बलं येतील, पण उलट: ९० बाहेर डावीकडे, १८० वर. दोन्ही आकृत्यांत हिंजचे बाण एकाच दिशेने काढले तर दोन्ही पाय वेगवेगळे "सुटतात" पण एकमेकांशी जुळत नाहीत. दिशा आधी माहीत नसली तरी हरकत नाही. एका पायावर मनाला येईल तशी धरा, दुसऱ्यावर काटेकोरपणे उलटी.

पडताळा डाव्या पायावर, पुन्हा हिंजभोवती. जमिनीची प्रतिक्रिया ४२० × १, तिच्या उलट माणसाचं वजन ६०० × ०.४ = २४०, उरले १८०, तेवढं दोरीला तोलायचं: ताण × २ = १८०, ताण ९०. दुसऱ्या पायाने तोच आकडा दिला.

दोरी ०.४ ऐवजी १.२ मीटर उंचीवर बांधली तर हिंजपासूनचं अंतर २ ऐवजी १.२ होतं आणि ताण ९० वरून १५० न्यूटनवर जातो. जमिनीच्या प्रतिक्रिया मात्र ४२० आणि १८० याच राहतात, कारण अख्ख्या घोडीच्या आकृतीत दोरी नव्हतीच.